शेवटचं कोण?

जगातली कुठलीही गर्दी सरळ रांगेत उभी करता येते, आणि तशी ती केली की जगाचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, असा निस्सीम विश्वास बाळगणारी माझ्या पाहण्यातली एकमेव व्यक्ती म्हणजे माझी मेहुणी. आमच्या मंडळाच्या गणपतीत आरतीचं ताट फिरायला लागलं की माणसं चारही बाजूंनी हात पुढे करतात. ही बाई ताटाच्या पुढे चालते आणि दबक्या पण धाक बसेल अशा आवाजात सांगत राहते, "डावीकडून, डावीकडून घ्या. देव कुठे पळून जात नाहीये." माझ्या बागेत मी पाखरांसाठी दाणे टाकले आणि कबुतरं झेपावली, की ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडते, "अरे, रॉबिन आधी आला होता!" कबुतरं उडून जातात. रॉबिनही उडून जातो, ती गोष्ट वेगळी.

इंग्लंडमधल्या आमच्या रीडिंग गावात, एका जीपी सर्जरीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्याच्या, रिसेप्शनवर तिनं उभी हयात काढली. थोरल्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, पहिल्या बाळंतपणाला म्हणून ती पुण्याहून आली आणि परत जायचं राहूनच गेलं. त्या सर्जरीतले पेशंट डॉक्टरांना भीत नसत, पण हिला भीत. खोटा खोकला ती काचेपलीकडून ओळखायची. खरा खोकला त्याहून लवकर ओळखायची, आणि मग कुणाचाही नंबर असो, त्या माणसाला थेट आत नेऊन बसवायची. तिनं लग्न केलं नाही. कुणी खवचटपणे विचारलंच तर सांगायची, "रांगेत कुणी नीट उभंच राहिलं नाही हो." तिच्या पर्समध्ये कायम एक मेजरिंग टेप, एक चिकटपट्टीचं रीळ आणि घरातल्या सपातांचा जोड असतो. सपाता कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "भावोजी, दुसऱ्याच्या घरात आपण पाहुणे असतो. पायांना तसं सांगावं लागतं."

माझी बायको गेली त्यानंतर ही दर रविवारी माझ्याकडे येऊ लागली. येऊन आधी फ्रिज उघडायची, आतल्या प्रत्येक डब्याचा वास घ्यायची आणि माझ्याकडे अशी बघायची, जणू मी त्या डब्यात पुरावा दडवला आहे. मग आमटी करायची. आमटी उकळेपर्यंत आम्ही दोघं काही बोलत नसू. तिचा आवाज तिच्या ताईसारखा आहे, हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून ती स्वयंपाकघरात जरा कमीच बोलायची.

अशाच एका रविवारी, फोडणी देता देता, तिनं मला सांगितलं की तिला युनिव्हर्सिटीत रशियन भाषेच्या डिग्रीला प्रवेश मिळाला आहे. तेव्हा ती नुकतीच रिटायर झाली होती. मी हसलो. मला वाटलं, विनोद आहे. मी भूलतज्ज्ञ. माझं सगळं आयुष्य माणसांना झोपवण्यात गेलं, त्यामुळे जागं माणूस काय बोलतंय ते मला कधीकधी उशिरा कळतं.

त्यामागचं कारण तिनं फार पुढे सांगितलं. तिच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षात सर्जरीत एक म्हातारी आली होती. एकटी, डोक्याला रुमाल, आणि येत होती फक्त रशियन. हिनं दुभाष्यासाठी फोन लावला. फोन होल्डवर गेला आणि त्यावर पियानो वाजत राहिला. म्हातारी काउंटरला धरून उभी, ही रिसीव्हर धरून बसलेली, आणि मध्ये तो पियानो. "भावोजी, मला त्या बाईला 'बसा' एवढंसुद्धा म्हणता आलं नाही. खुर्ची दाखवली तर ती घाबरली. तिला वाटलं मी तिला बाजूला हो म्हणतेय." कुणी दुसरं असतं तर हळहळून घरी गेलं असतं. माझ्या मेहुणीनं ती गोष्ट मनाला लावून घेतली आणि 'बसा' म्हणता यावं म्हणून एक अख्खी डिग्री घ्यायला निघाली.

वर्गात सगळी नातवंडांच्या वयाची पोरं. स्टॅनमोरला राहणारी माझी नात तर म्हणाली, "आजोबा, मावशीआजी माझ्या कोर्सला असती ना, तर मी डेड एम्बॅरस्ड झाले असते." पण त्या पोरांनी हिला फार लवकर आपलंसं केलं, कारण लेक्चरच्या आधी कँटीनमध्ये त्यांच्या जागा धरून ठेवणारं दुसरं कुणी नव्हतं.

तिसरं वर्ष मात्र परदेशात काढायचं असतं. रशियन बोलणाऱ्या शहरात राहायचं, तिथल्या कॉलेजात शिकायचं आणि एखाद्या ठिकाणी इंटर्नशिप करायची. हल्ली विद्यार्थ्यांना रशियात पाठवत नाहीत, म्हणून हिच्या वाट्याला बिश्केक आलं. किर्गिझस्तानची राजधानी. मला नकाशात बोट फिरवून ती शोधावी लागली. इंटर्नशिपच्या ठिकाणच्या साहेबानं 'काम समाधानकारक' असं लिहून दिलं तरच वर्ष धरलं जाणार, नाहीतर पुन्हा सगळं पहिल्यापासून. "आणि पुन्हा पहिल्यापासून करण्याइतकं पुढे माझ्याकडे आहे का, ते मला माहीत नाही," असं ती हीथ्रोवर म्हणाली. एका बॅगेत पोहे, मेतकूट आणि भाजणी, दुसरीत शब्दकोश. सपाता पर्समध्ये. चेक-इनच्या रांगेत एक जण मध्ये घुसला, त्याला मागे पाठवून मगच ती आत गेली.

ज्यांनी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात माझं भाषण ऐकलं, त्यांना पुढची गोष्ट माहीत आहे असं वाटेल. त्यांनी हे जरूर वाचावं. त्यांच्यासाठीच मी लिहायला बसलो आहे.

पहिली इंटर्नशिप तिला एका पर्यटन कचेरीत मिळाली. डोंगरातल्या तंबूंत राहण्याच्या सहलींचं माहितीपत्रक रशियनमधून इंग्रजीत करायचं होतं. पत्रकात लिहिलं होतं की तंबूच्या दारात उभं राहिलं की निळंशार सरोवर दिसतं. दुसरं कुणी असतं तर निळ्याशारला चांगला इंग्रजी शब्द शोधत बसलं असतं. ही शनिवारी मिनीबसमध्ये बसून तंबू बघायला गेली. तंबूच्या दारात उभी राहिली. डोंगर दिसला. तंबूला वळसा घातला. दुसरा डोंगर दिसला. मेंढपाळाला विचारलं, सरोवर कुठे? त्यानं क्षितिजाकडे हात केला आणि हसला. सोमवारी हिनं इंग्रजी मजकूर मालकाच्या हातात दिला. त्यात वाक्य होतं, 'तंबूतून सरोवर दिसत नाही. पण घोडे फार चांगले आहेत.' मालक म्हणाला, "बाई, तुम्हाला भाषांतर करायला सांगितलं होतं." ही म्हणाली, "तेच केलं. तुमच्या वाक्याचं नाही, तुमच्या डोंगराचं." तिथून तिला दुसऱ्याच दिवशी निरोप मिळाला.

भाषणात एवढं झालं आणि हॉल हसून लोळला. मी जे सांगितलं नाही ते हे: सहलीला नोंदणी केलेल्यांत एक इंग्लिश जोडपं होतं आणि त्यांच्याबरोबर चाकाच्या खुर्चीतली आई. तिला एकदा सरोवर पाहायचं होतं. इंग्रजी पत्रव्यवहार हिच्याकडे आल्यामुळे हे हिला कळलं होतं. मिनीबसमध्ये ही त्यासाठी बसली होती.

दुसरी इंटर्नशिप एका सरकारी दवाखान्यात. चौकशीच्या खिडकीत बसायचं, नावं लिहायची, कागद फिरवायचे. हिला स्वर्ग मिळाला. इतक्या वर्षांचा अनुभव, आणि आता पुन्हा एक काच, एक खिडकी, पलीकडे माणसं. पण पहिल्याच सकाळी तिनं कॉरिडॉरमध्ये डोकावून पाहिलं. रांग नव्हती! बुटांवर निळे प्लास्टिकचे पायमोजे चढवलेली म्हातारी माणसं कुठेही बसली होती. कुणी बाकावर, कुणी खिडकीच्या कट्ट्यावर, एक आजोबा बाहेर बर्फात उभे राहून सिगारेट ओढत होते, एक बाई चक्क भाजी आणायला गेली होती. आणि सगळे निवांत. "भावोजी, मला वाटलं, हा देश अजून रांगेपर्यंत पोचलेलाच नाहीये."

मग तिनं पर्समधली चिकटपट्टी काढली. जमिनीवर सरळ रेघ मारली. आणि तिच्या पुस्तकी रशियनमध्ये सगळ्यांना उभं केलं. काठीवाले, गुडघेदुखीवाले, सगळे. भिंतीच्या जवळ होते ते पुढे, लांब होते ते मागे. सिगारेटवाले आजोबा आत आले ते सगळ्यांच्या शेवटी गेले. भाजीवाली परतली, ती त्यांच्याही मागे. पाच मिनिटं सगळं चित्रासारखं झालं. सहाव्या मिनिटाला स्फोट झाला. आजोबा काठी आपटत ओरडू लागले, दोन बायका एकमेकींच्या अंगावर गेल्या, भाजीच्या पिशवीतला कोबी घरंगळत थेट डॉक्टरांच्या दारापर्यंत गेला आणि तेवढ्यात मुख्य डॉक्टरांनी ते दार उघडलं.

कारण रांग होती. ती हिला दिसत नव्हती एवढंच. त्या मुलखात माणूस दवाखान्यात शिरला की दारातच विचारतो, "क्तो पस्लेद्नी?" म्हणजे, शेवटचं कोण? कुणीतरी हात वर करतं. आपण त्याच्या मागे. तेवढं एक माणूस लक्षात ठेवायचं. मग बसा, उभे राहा, भाजी आणा. रांग माणसांच्या ध्यानात असते आणि ती कधी मोडत नाही. ती मोडून दाखवण्याचा मान माझ्या मेहुणीनं मिळवला. हिरवा रुमाल बांधलेली एक आजी कंबरेवर हात ठेवून तिला म्हणाली, "तुमच्या इंग्लंडमधल्या लोकांना काही लक्षात राहत नाही का, म्हणून उभं करून ठेवता त्यांना?" मुख्य डॉक्टरांनी कोबी उचलून भाजीवालीला दिला आणि मेहुणीला म्हणाले, "उद्यापासून आराम करा."

दिवाळीच्या कार्यक्रमात मी नेमका इथे थांबलो.

हे सगळं तिनं मला रविवारच्या व्हिडिओ कॉलवर सांगितलं होतं. बिश्केकमध्ये संध्याकाळ व्हायची, माझ्याकडे जेवायची वेळ. पुढच्या शनिवारी मंडळानं मला दहा मिनिटं बोलायला सांगितलं. बायको गेल्यापासून माझ्या बोलण्यावर कुणी हसलं नव्हतं. लोक माझ्याशी हळू आवाजात बोलत आणि लवकर निघून जात. मी माइकसमोर उभा राहिलो, सरोवर सांगितलं, आणि हशा आला. भूल देणाऱ्याला डोस कळतो असं म्हणतात. मला त्या दिवशी स्वतःचा डोस कळला नाही. मी तिच्यासारखं चालून दाखवलं. पर्समधून चिकटपट्टी काढायची नक्कल केली. रशियन येत नसताना रशियन बोललो. दहाची पंचवीस मिनिटं झाली. कोबी घरंगळला तेव्हा पहिल्या रांगेतले गृहस्थ डोळे पुसत होते. "उद्यापासून आराम करा" या वाक्यावर मी वाकून नमस्कार केला.

आणि पुढचं मला माहीत होतं. तिनं त्याच कॉलवर पुढचं सगळं सांगितलं होतं. पण पुढे हशा नव्हता.

पुढे असं झालं होतं. दुसऱ्या दिवशी ही शंकरपाळ्यांचा डबा घेऊन पुन्हा दवाखान्यात गेली. खिडकीपाशी नाही. निळे पायमोजे चढवून कॉरिडॉरच्या दारात उभी राहिली आणि आवाज खाली करून म्हणाली, "क्तो पस्लेद्नी?" कॉरिडॉरमधल्या माना वळल्या. ज्या बाईनं काल सगळ्यांना भिंतीला लावून उभं केलं होतं, ती आज विचारत होती शेवटचं कोण. मग हिरव्या रुमालाच्या आजीनं बोट वर केलं. "मी. तू माझ्यामागे." ही जाऊन बसली. डबा फिरला. सिगारेटवाले आजोबा एक शंकरपाळं दाताखाली फोडून म्हणाले, "दगड आहे. पण गोड दगड."

हिला काही झालेलं नव्हतं. नंबर आला की ती तो सोडून द्यायची आणि पुन्हा विचारायची, शेवटचं कोण? रोज. नोकरीवरून काढलेली इंटर्न रोज वेळेवर हजर आणि पेशंटांच्या बाकावर बसलेली. तिथल्या बाया तिला 'एजे' म्हणू लागल्या. त्यांच्या भाषेत ताईला एजे म्हणतात. आपल्याला कुणी ताई म्हणतं आहे, याचं तिला फार कौतुक वाटलं. घरात ती कायम धाकटीच राहिली होती.

आणि त्याच बाकावर एक दिवस तिच्या कानावर मराठी पडलं. बिश्केकमध्ये डॉक्टरी शिकायला आपल्याकडची किती मुलं जातात हे मला ठाऊक नव्हतं. लातूर, नांदेड, जळगाव, सगळीकडची. त्यांनाही पेशंट तपासायच्या प्रॅक्टिकलसाठी त्याच दवाखान्यात पाठवत. त्यांचं रशियन परीक्षेपुरतं. पांढरा कोट घातलेली लातूरची एक मुलगी हिरव्या रुमालाच्या आजीसमोर वाकून उभी होती आणि मैत्रिणीला म्हणत होती, "अगं, ह्यांचं नेमकं दुखतंय कुठं, मला तर काहीच कळंना."

बाकावरून आवाज आला, "उजव्या कुशीत. जेवल्यावर. कालपासून जास्त."

मुलगी दचकून उडाली. "अगं बाई! आजी, तुम्ही मराठी?"

"आधी पेशंटकडे बघ. मी कुठे जात नाहीये, मी रांगेत आहे."

त्या दिवसापासून ती मुलं येताच आधी बाकाकडे बघू लागली. ही त्यांना शब्द सांगायची, आजीबाईंना धीर द्यायची. आणि तिनं त्यांना पहिली गोष्ट शिकवली ती कुठल्या रोगाचं नाव नव्हतं. "पेशंट आला की आधी म्हणायचं, सदीत्येस. बसा. आणि हसून म्हणायचं, नाहीतर त्यांना वाटतं बाजूला हो म्हणताय." मुख्य डॉक्टर येता-जाता बघत होते, पण अजून काही बोलले नव्हते. वर्ष धरलं जाणार की नाही, ते अजून त्यांच्याच हातात होतं. इथवर तिनं मला सांगितलं होतं, आणि शेवटी म्हणाली होती, "भावोजी, बघू या. मला वाटतं घेतील ते मला परत."

शनिवारी मी कोबीपाशी थांबलो. रविवारी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी त्या भाषणाचा व्हिडिओ टाकला. ग्रुपमध्ये ती होतीच. त्या रविवारी तिचा कॉल आला नाही. मी केला, तर उचलला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मी समजून गेलो आणि काही केलं नाही. आमटी मी स्वतः केली. ती कशी झाली ते विचारू नका.

नंतरचं मला ती परत आल्यावर कळलं. तिनं तो व्हिडिओ दोनदा बघितला. हॉलमध्ये हसणाऱ्या प्रत्येकाच्या पानात तिनं कधी ना कधी वाढलं होतं. तिनं दवाखान्यात जाणं बंद केलं. युनिव्हर्सिटीला कळवायचं ठरवलं की जमत नाही, परत येते. बॅग भरली. शब्दकोश तळाशी घातले. शेवटी लातूरची ती मुलगी पत्ता शोधत खोलीवर आली. "आजी, कॉरिडॉरमधल्या बाया रोज विचारायल्यात. तुमचा डबापण तिथंच पडलाय."

डबा आणायला म्हणून ती गेली. डबा घ्यायचा आणि निघायचं, असं ठरवून. पण दारात पाय ठेवला आणि सवयीनं तोंडून निघालं, "क्तो पस्लेद्नी?"

कोपऱ्यातल्या एका नव्या माणसानं हात वर केला. ही त्याच्यामागे जाणार, तर हिरव्या रुमालाची आजी बाकावरून उठली. "तू कशाला शेवटी? तू माझ्यामागे आहेस." नवा माणूस म्हणाला, ही तर आत्ता आली! आजी म्हणाली, "आत्ता नाही. ती आधीच आली होती. जरा बाहेर गेली होती." सिगारेटवाल्या आजोबांनी मान डोलावली. भाजीवालीनं मान डोलावली. सगळा बाक म्हणाला, हो, ती हिच्यामागे आहे. त्या मुलखात एकदा तुमची जागा कुणी पाहिली असेल तर ती जात नाही. तुम्ही भाजीला गेलात तरी, आणि रुसून खोलीत बसलात तरी.

ती बसली. तिचा नंबर आला तेव्हा नेहमीप्रमाणे सोडून देणार, तर मुख्य डॉक्टर स्वतः दारात आले आणि म्हणाले, "आज आत या. विद्यार्थ्यांच्या शेजारी तुमची खुर्ची ठेवली आहे." मग त्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाले, "सदीत्येस."

एवढी साधी गोष्ट आहे. तिला कुणी काढून टाकलेली इंटर्न म्हणू नये, म्हणून ती मी इथे पूर्ण लिहिली. तिचं वर्ष धरलं गेलं, आणि पुढे डिग्रीही मिळाली. समारंभाला ती काळ्या झग्याखाली पैठणी नेसून गेली, आणि रांगेत तिच्या पुढच्या मुलाची टोपी वाकडी होती, ती तिनं सरळ केली.

पण मंडळात ती आली की लोक अजून विचारतात, "काय मग, चिकटपट्टी आणली का?" ती हसते. उलट उत्तर देत नाही. जिला मी कधी गप्प बसलेली पाहिली नव्हती, ती माझ्या एका भाषणानं तेवढ्यापुरती गप्प बसायला शिकली, आणि ही गोष्ट मला सहन होत नाही.

परतल्यावरच्या पहिल्या रविवारी ती आली, फ्रिज उघडला, डब्यांचे वास घेतले आणि आमटी ठेवली. आमटी उकळायला लागली तेव्हा मी म्हणालो, "माझं चुकलं." ती पळी हलवत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही ना भावोजी, अगदी टिपिकल कन्सल्टंट. पेशंट शुद्धीवर यायच्या आत राउंड संपवून मोकळे." थोड्या वेळानं गॅस बारीक करत म्हणाली, "गोष्ट चांगली सांगितलीत तुम्ही. ताई असती तर हसली असती. फक्त फार लवकर थांबलात."

त्यानंतर मी थांबलेलो नाही. मंडळात कुणी चिकटपट्टीचा विषय काढला की मी त्याला खुर्चीत बसवतो आणि उरलेली गोष्ट ऐकवतो. लोक आता मला टाळतात. चालेल. पण एकेकट्याला किती सांगणार? म्हणून आता हे लिहून टाकलं.

मागच्या आठवड्यात आम्ही दोघं हॉस्पिटलात रक्ततपासणीला गेलो होतो. माझं काही ना काही चालूच असतं, आणि आता तिच्याही साखरेवर लक्ष ठेवायला सांगितलं आहे. तिनं मला दारापाशी सोडलं आणि गाडी लावायला गेली. आतलं नंबराचं मशीन बंद पडलेलं. माणसं भिंतीपाशी अवघडून उभी होती, एकमेकांना "आफ्टर यू, आफ्टर यू" म्हणत होती आणि कुणीच पुढे जात नव्हतं. नर्स दारात येऊन ज्याच्याकडे नजर जाईल त्याला बोलावत होती. मी कोपऱ्यातली खुर्ची धरून बसलो आणि मनात म्हटलं, आता ही येणार, पर्स उघडणार आणि चिकटपट्टी निघणार.

ती आली. दारात थांबली. खोलीभर नजर फिरवली. पर्सला हातही लावला नाही. स्वच्छ आवाजात तिनं इंग्रजीत विचारलं, "शेवटचं कोण आहे, प्लीज?"

रीडिंगमध्ये असं कुणी विचारत नाही. सगळे बुटांकडे बघू लागले. ती तशीच उभी राहिली. मग तिची नजर माझ्याकडे आली.

मी हात वर केला. "मी."

"मग मी तुमच्यामागे," ती म्हणाली आणि शेजारी येऊन बसली. पर्स मांडीवर घेतली.

 माझ्या पुढे कोण होतं, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तिची ताई केव्हाच आत गेली आहे. कुणाला दिसो न दिसो, रांग आपली चालूच असते.

नर्सनं दारात येऊन माझ्याकडे बोट केलं. मी काठी चाचपली, उठलो.

"जाऊन या," मेहुणी म्हणाली. तिनं आपली पर्स उचलून माझ्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली. "जागा धरून ठेवते."